बाटलीतला समुद्र कुणाचा? उन्हाळी परफ्यूमचा इतिहास

आज आपण एका वासाचा इतिहास पाहणार आहोत. उन्हाळ्याच्या दिवसांत परफ्यूमच्या दुकानात गेलात, तर विक्रेत्याच्या तोंडी एक शब्द हमखास येतो, ‘मरीन’. म्हणजे समुद्राचा. बाटली निळसर किंवा पारदर्शक, आणि वास थंड, ओलसर, किंचित खारट. अलीकडे या खारटपणाच्या जोडीला गोडवाही आला आहे. कलिंगड, नारळ, व्हॅनिला, कधी चक्क कॅरॅमल. विशेषतः ‘नीश’ म्हणवणाऱ्या परफ्यूमघरांनी, म्हणजे मोठ्या जाहिराती न करता मोजक्या गिऱ्हाइकांसाठी माल काढणाऱ्या छोट्या घरांनी, हे गोड-खारट मिश्रण चांगलंच रुजवलं आहे.

आता प्रश्न असा, की हा समुद्र कुठला? हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी उभं राहा, किंवा वर्सोव्याला बोंबील वाळत घातलेले असताना तिथून चालत जा. नाकाला जे लागेल, त्याचं या बाटलीशी काहीही नातं नाही. तरी बाटली उघडली की आपण सगळे एकमुखानं म्हणतो, ‘हा समुद्र.’ हे आपल्याला कुणी शिकवलं? आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

आत येताना प्रत्येकाला कागदाची एक पट्टी मिळाली आहे. तिच्यावर अशाच एका उन्हाळी परफ्यूमचा फवारा मारलेला आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण इथे कुणाची जाहिरात करायची नाही. परफ्यूममधले सगळे घटक एकाच वेळी उडून जात नाहीत. हलके रेणू पहिल्या पाच-दहा मिनिटांत जातात, मधले तास-दोन तास टिकतात, जड रेणू दुसऱ्या दिवशीही कागदावर सापडतात. त्यामुळे एकच पट्टी आपल्याला तासाभरात वेगवेगळ्या गोष्टी सांगणार आहे. जे हे व्याख्यान नंतर वाचतील, त्यांनी घरातली कुठलीही ‘अ‍ॅक्वा’ नावाची बाटली घेतली तरी चालेल. बहुतेकांच्या घरात एखादी निघेलच.

आत्ता पट्टी नाकाजवळ नेली तर काय येतं? लिंबू, संत्र्याची साल, बहुधा बर्गमॉट. हा या वासातला सर्वांत जुना थर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जोहान मारिया फारिना या इटालियन माणसानं जर्मनीतल्या कोलोन शहरात लिंबूवर्गीय फळांच्या तेलांचं अल्कोहोलमधलं हलकं द्रावण विकायला सुरुवात केली. आज आपण ज्याला ‘कोलोन’ म्हणतो त्याचं नाव या शहरावरून पडलं. अल्कोहोल कातडीवरून उडताना गारवा देतं आणि लिंबाचा वास त्या गारव्याला साथ देतो. पुढची अडीचशे वर्षं युरोपात उन्हाळ्याचा वास म्हणजे लिंबू, संत्र्याची फुलं, रोझमेरी. समुद्र त्यात कुठेच नव्हता.

आपल्याकडे पाहा. उन्हाळ्याचे आपले वास कोणते? वाळ्याचे ओले पडदे, माठात टाकलेली वाळ्याची जुडी, मोगरा, कनोजमध्ये तयार होणारं मातीचं अत्तर. हे सगळे गारव्याचेच वास. मात्र हा गारवा पाण्यानं भिजलेल्या मुळांचा आणि मातीचा आहे. लांबलचक किनारा असलेल्या महाराष्ट्रातही उन्हाळ्यासाठी कुणी समुद्राचा वास अंगाला लावलेला नाही. कोकणातला माणूस वैशाखात सुगंध म्हणून मोगराच शोधतो, कारण समुद्र त्याच्या दारातच आहे आणि तो कामाचा आहे.

युरोपातही समुद्र फार काळ नकोसाच होता. आलँ कोर्बँ या फ्रेंच इतिहासकारानं या विषयावर १९८८ साली एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. त्याचा विषयच हा आहे, की १७५० ते १८४० या काळात पश्चिम युरोपातल्या माणसाला किनाऱ्याची ओढ कशी लागली. त्याआधी किनारा म्हणजे वादळं, बुडालेली जहाजं, सडलेलं शेवाळ. बदलाची सुरुवात वैद्यांनी केली. रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरनं १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर प्रबंध लिहिला. रोगी ब्रायटनला जाऊ लागले, समुद्रात बुडी मारू लागले, ते पाणी पिऊही लागले. पुढे १८४०च्या सुमारास शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं ओझोनचा शोध लावला. हे नावच ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे. मग समुद्राच्या हवेत ओझोन भरपूर असतो आणि तो प्रकृतीला चांगला, अशी समजूत पसरली. किनाऱ्यावरची गावं आपल्या हवेची तशी जाहिरात करू लागली. आज परफ्यूमच्या वर्णनात ‘ओझोनिक’ असा शब्द येतो, तो या समजुतीचा उरलेला अवशेष आहे.

तरीही किनारा होता पैसेवाल्यांचा. तो सर्वांचा व्हायला १९३६ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी फ्रान्समधल्या ‘पॉप्युलर फ्रंट’च्या सरकारनं कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं दिली. लाखो कामगार-कुटुंबांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ साली, लॉरेआलचे संस्थापक युजेन श्युलेर यांनी ‘आम्ब्र सोलेर’ हे उन्हात लावायचं तेल बाजारात आणलं होतं. त्यात ऊन अडवण्यासाठी बेंझिल सॅलिसिलेट वापरलं होतं. ते परफ्यूममध्येही वापरतात, त्याला मंद, गोडसर, फुलांसारखा वास असतो. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. तापलेली वाळू, तेल लावलेली कातडी, रजेचे दोन आठवडे. गोड वास आणि समुद्र यांची गाठ तिथे पडली. युरोपातल्या दोन-तीन पिढ्यांना समुद्र म्हटलं की सनटॅन लोशन आठवतं, ते यामुळे. म्हणजे बाटलीतल्या समुद्राचा पहिला गुणधर्म असा, की तो रजेवरच्या माणसाचा समुद्र आहे.

पट्टी पुन्हा नाकाशी न्या. लिंबू बहुतेक गेलं असेल. आता जे येतंय ते ओलं, हिरवट, कलिंगडाच्या सालीजवळच्या पांढऱ्या गरासारखं. काहींना त्यात कालवंही जाणवतील. हे बहुधा कॅलोन. १९६६ साली फायझर या अमेरिकन औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना हा रेणू सापडला. त्याला ‘कलिंगड कीटोन’ असंही म्हणतात. गंमत अशी, की तपकिरी समुद्री शेवाळं प्रजननासाठी जी रसायनं पाण्यात सोडतात, त्यांच्या रचनेशी याच्या रचनेचं थोडं साम्य आहे. पण हा रेणू समुद्रातून काढलेला नाही, प्रयोगशाळेत बनवलेला आहे. शिवाय तो इतका तीव्र आहे, की चिमूटभरानं अख्खं मिश्रण ओलं वाटू लागतं. वीसेक वर्षं त्याचं काय करायचं हे फारसं कुणाला सुचलं नाही.

मग आलं १९८८. अ‍ॅरामिसच्या ‘न्यू वेस्ट’मध्ये कॅलोन ठळक प्रमाणात वापरलं गेलं. त्याच वर्षी पिएर बूर्दों यांनी केलेलं डेव्हिडॉफचं ‘कूल वॉटर’ आलं. या दुसऱ्याचा गारवा मुख्यतः डायहायड्रोमिर्सेनॉल नावाच्या रसायनावर उभा होता, आणि ते साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरीतही भरपूर वापरलं जात असे. हा मुद्दा नीट लक्षात घेऊया. धुतलेल्या कपड्यांचा वास आणि समुद्राचा वास या काळात एकमेकांत मिसळले. १९९१ साली ‘एस्केप’, १९९२ साली ‘लो दीसे’, १९९६ साली ‘अ‍ॅक्वा दि जिओ’, अशी एकामागून एक परफ्यूम आली आणि दशक संपेपर्यंत ‘समुद्र’ आणि ‘स्वच्छ’ हे जवळजवळ समानार्थी शब्द झाले. बाटलीतल्या समुद्राचा दुसरा गुणधर्म हा. तो धुतलेला समुद्र आहे.

हे वास आपल्याकडे दोन वाटांनी आले. एक वाट आखाताची. रत्नागिरी-रायगडातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. दुबईहून, कुवेतहून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत साबण, बदाम आणि परफ्यूमच्या बाटल्या असत. दुसरी वाट १९९१नंतर खुल्या झालेल्या बाजाराची. पुढे डिओडरंटच्या डब्यांनी ‘अ‍ॅक्वा’ आणि ‘मरीन’ हे शब्द तालुक्याच्या गावापर्यंत नेले. म्हणजे ज्या काळात मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी काळं होत चाललं होतं, त्याच काळात समुद्र म्हणजे स्वच्छता असं आपलं नाक शिकत होतं.

आता गोडव्याकडे वळूया. पट्टीवर ओलेपणाच्या खालून काहीतरी साखरेसारखं वर येत असेल. जत्रेत मिळणारे ‘म्हातारीचे केस’ आठवतात का? तो वास इथाइल माल्टॉलचा. माल्टॉल हे भाजलेल्या धान्यात निसर्गतः असतं. त्याचा हा कृत्रिम भाऊ निसर्गात सापडत नाही आणि माल्टॉलच्या कितीतरी पट तीव्र आहे. खाद्यपदार्थांत घालण्यासाठी तो १९६०च्या दशकात बाजारात आणणारी कंपनी कोणती? तीच, फायझर. गोड आणि समुद्र, या दोन्ही वासांचे मुख्य रेणू एकाच औषध कंपनीच्या आवारातून, एकाच दशकात बाहेर पडले. तेव्हा कुणीही त्यांना एकत्र आणायचा विचार केला नव्हता.

गोडवा परफ्यूममध्ये नवा नव्हता. १८७४ साली व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार झालं आणि १८८९ सालच्या गेर्लँच्या ‘जिकी’मध्ये ते वापरलंही गेलं. पण खाण्याच्या पदार्थासारखा उघड गोड वास लावायचा, ही कल्पना रुजवली ऑलिव्हिए क्रेस्प यांनी थिएरी म्युग्लरसाठी केलेल्या ‘एंजल’नं. साल १९९२. म्हणजे ज्या वर्षी ‘लो दीसे’नं पाण्याचा वास लोकप्रिय केला, त्याच वर्षी ‘एंजल’नं जत्रेच्या साखरेचा. पुढची बरीच वर्षं हे दोन्ही प्रवाह वेगवेगळे वाहत राहिले. एकाला म्हणायचे ताजा, दुसऱ्याला म्हणायचे खाऊ.

यांना एकत्र आणण्याचं बरंच श्रेय नीश घरांचं आहे. या चळवळीचा आरंभ साधारणपणे १९७६ साली ज्याँ लापोर्त यांनी स्थापन केलेल्या ‘लार्तिझाँ पार्फ्यूमर’पासून मानतात. मोठ्या कंपन्यांचा धुतलेला समुद्र ऐकून ऐकून, म्हणजे हुंगून हुंगून, कंटाळलेल्या लोकांना या घरांनी वेगळा समुद्र देऊ केला. २००८ साली जेम्स हीली यांचं ‘सेल मरँ’ आलं. नावाचा अर्थच ‘समुद्री मीठ’. त्यात मीठ होतं, शेवाळ होतं. २०१३ साली ज्याँ-क्लोद एलेना यांनी ‘एपिस मरीन’ केलं, तेही ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्हिए रोलँजे या आचाऱ्याशी बोलून. स्वयंपाकघर आणि समुद्र असे जवळ येत होते. याच ब्रिटनीत हेन्री ल रू यांनी १९७७ साली खारट लोण्याचं कॅरॅमल केलं होतं. जुन्या फ्रान्समध्ये मिठावर जबर कर असायचा, पण ब्रिटनीला तो माफ होता, म्हणून तिथे लोण्यात मीठ घालणं परवडायचं. एका करसवलतीतून एक चव जन्मली, ती जगभर गेली, आणि आता तीच गोड-खारट जोडी परफ्यूमच्या बाटलीत आली आहे. इतिहास कधीकधी असा जिभेवरून नाकाकडे जातो.

या परफ्यूमचा अनुभव म्हणूनच थोडा चकवणारा असतो. मीठ उडत नाही, त्याला वास नसतो. खारटपणा हा परफ्यूमरनं घडवलेला भास आहे. आपलं नाक शेवाळ, ओलावा आणि लाकूड एकत्र ओळखतं आणि मीठ मेंदू भरून काढतो. आणखी एक. भूमध्य समुद्राकाठचा कोरडा उन्हाळा मनात धरून केलेलं हे मिश्रण आपल्या मे महिन्यात वेगळं वागतं. दमट हवेत, घामट कातडीवर गोडवा लवकर वर येतो आणि जास्त रेंगाळतो. लोकलच्या गर्दीत दोनच फवारे पुरतात, तिसरा शेजाऱ्यावर अन्याय ठरतो.

आता पट्टीवर शेवटी जे राहणार आहे त्याबद्दल. उद्या सकाळी हुंगाल तर कोरडा, उबदार, किंचित खारट लाकडासारखा वास उरलेला असेल. तो बहुधा अ‍ॅम्ब्रॉक्सचा. फर्मेनिश या स्विस कंपनीनं १९५०च्या सुमारास तो बाजारात आणला. क्लॅरी सेज या वनस्पतीपासून तो बनवता येतो. पण तो ज्याची जागा घेतो तो पदार्थ खरोखर समुद्राचा आहे : अंबर. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा, वर्षानुवर्षं लाटांवर तरंगून पिकणारा पदार्थ. नवव्या शतकातल्या अरब प्रवासवर्णनांत निकोबारचे लोक अंबर देऊन व्यापाऱ्यांकडून लोखंड घेत, असं वर्णन येतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात अंबरावर एक स्वतंत्र संवाद आहे आणि हा पदार्थ नेमका कशापासून होतो यावर त्यात चर्चा केली आहे. आज आपण हाच पदार्थ वर्तमानपत्रात ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून वाचतो, तोही पोलिसांनी कुणाला तरी पकडल्याच्या बातमीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं स्पर्म व्हेलला सर्वोच्च संरक्षण आहे आणि भारतात अंबर बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडलं तर वनखात्याला कळवायचं, एवढंच आपलं काम.

म्हणजे खऱ्या समुद्राचा वास अंगाला लावणारी परंपरा होती, आणि ती आपल्या बाजूच्या समुद्राची होती. अंबर हा त्यातला महागडा भाग. दुसरा साधा भाग म्हणजे नख किंवा नखला. समुद्री गोगलगायीच्या शंखाचं तोंड बंद करणारं जे नखासारखं झाकण असतं, ते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर एक अध्याय आहे, त्यातल्या घटकांत नख येतं. कनोजमध्ये आजही समुद्री शिंपले मातीच्या भांड्यात भाजून, त्यांच्या धुराचा अर्क धरून ‘चोया नख’ बनवतात. धुरकट, खारा, किंचित कातड्यासारखा. त्यात कलिंगडाचा मागमूस नाही.

आणि इथे एका मराठी संशोधकाचं नाव घ्यायलाच हवं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे. हस्तलिखितांच्या सहवासात आयुष्य घालवलेल्या या माणसानं १९४०च्या दशकात ‘गंधवाद’ नावाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुगंध कसे बनवायचे यावरचा हा ग्रंथ, आणि त्यावरची टीका चक्क मराठीत. गोड्यांनी त्याचा काळ साधारण १३५० ते १५५०च्या दरम्यानचा ठरवला. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी सुगंधाचं तंत्र समजावून सांगायला आपली भाषा पुरेशी होती. आज परफ्यूमचं वर्णन मराठीत करायला गेलो, की ‘फ्रेश’, ‘मरीन’, ‘ओझोनिक’ यांच्याशिवाय पान हलत नाही.

हा केवळ शब्दांचा प्रश्न असता तर आपण तो भाषातज्ज्ञांवर सोपवला असता. तसा तो नाही. कोर्बँ यांनी १९८२ सालच्या आणखी एका पुस्तकात दाखवलं आहे, की अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये वरच्या वर्गाचं नाक जसजसं नाजूक होत गेलं, तसतसा गरिबाला दुर्गंध चिकटवला गेला. कुणाला घाण वास येतो हे ठरवणं म्हणजे कुणाला कुठे राहू द्यायचं हे ठरवणं. मुंबईच्या कोळीवाड्यांभोवती इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या जाहिरातींत ‘सी व्ह्यू’ होता. मग खिडकी उघडल्यावर सुकटीचा वास आला आणि तक्रारी सुरू झाल्या. समुद्र पाहायचा होता, पण तो शांपूसारखा दरवळायला हवा होता. मासळी सुकवण्याची मोकळी जागा जाते तेव्हा कोळणीच्या पावसाळ्याच्या मिळकतीचा एक भाग जातो. बाटलीतल्या समुद्रानं हे केलं असं आम्ही म्हणत नाही. पण समुद्र म्हणजे रजा आणि समुद्र म्हणजे धुतलेलं, हे दोन धडे गिरवलेल्या नाकाला सुकटीत समुद्र ओळखता येत नाही, एवढं नक्की.

शास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर खऱ्या समुद्राचा वास बराचसा डायमिथाइल सल्फाइडचा असतो. सूक्ष्म वनस्पती-प्लवकांमधल्या एका द्रव्यापासून तो वायू तयार होतो. जास्त झाला तर उकडलेल्या कोबीसारखा लागतो. काही समुद्री पक्षी त्याच्या मागानं अन्न शोधतात, कारण जिथे तो वास तिथे खाद्य. कोळ्याच्या दृष्टीनंही नेमकं हेच खरं आहे. समुद्राचा वास म्हणजे तिथे काहीतरी जगतंय, आणि त्याच्यावर आपणही जगतोय.

परफ्यूम आवडलं असेल तर खुशाल लावा. त्यामागे अडीच-तीनशे वर्षांची कारागिरी आहे आणि रजेच्या दोन आठवड्यांचा आनंद आहे, तो काही खोटा नाही. पण मराठीत वासासाठी आंबूस, खवट, कुबट, करपट, खमंग, वशाट असे शब्द आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला एक ठिकाण आहे, एक काम आहे. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंतच्या बंदरांवर मासळीच्या ताजेपणासाठी, वाऱ्यासाठी, खाडीच्या चिखलासाठी कोणते शब्द वापरतात, याची यादी आपल्यापैकी कुणी करायला घेतली, तर गोड्यांच्या हस्तलिखिताला पुढचं पान जोडलं जाईल. ज्यांच्या घरात असे शब्द अजून बोलले जातात, त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी ते इथे जरूर सांगावेत. आम्ही लिहून घेऊ.